शिवेच्या आत बंद पडणारा लॅपटॉप

आधीच कबूल करतो – अशा गोष्टी वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक आहे. माझी बायको इथले अनुभव चवीनं वाचते आणि मी शेजारी बसून तिची टर उडवतो. एकवीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीत काढलेल्या माणसाला भूतबित परवडत नाही हो. यंत्र बंद पडतं त्याला कारण असतं, आणि सापडत नसेल तर तुम्ही नीट शोधलेलं नसतं – हे मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवलंय की आता हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. माणसांची नावं बदलली आहेत. गावाचं नाव लिहीत नाही.

माझं दुकान धाराशिव जिल्ह्यातल्या भूमला, स्टँडपासून पाच मिनिटांवर. भूमजवळच्या ईट गावाच्या पुढे सहा-सात किलोमीटरवर एक लहान गाव आहे, तिथला बालाजी मागच्या उन्हाळ्यात लॅपटॉप घेऊन आला. वय अठ्ठावीस-एकोणतीस. पुण्यात विम्याचे क्लेम तपासायचं काम करायचा. आईला अर्धांगाचा झटका आला – उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. वडील तो लहान असतानाच वारलेले, दुसरं भावंड नाही. म्हणून कंपनीकडून वर्क फ्रॉम होम मागून तो गावी आला होता. आईच्या खाटेशेजारी टेबल टाकून काम करायचं, मधे तिला भरवायचं, कूस बदलायची, असा त्याचा बेत.

"काका, दहा मिनिटं चालतो अन् हँग होतो," तो म्हणाला. "माउस हालत न्हाय. मग स्क्रीन काळी होती अन् आपोआप रीस्टार्ट."

यात नवल काय? पंख्यात बोटभर धूळ होती. ती काढली, प्रोसेसरची पेस्ट बदलली, दोन दिवस दुकानात चालू ठेवला. एकदाही अडला नाही. दिला त्याला. तिसऱ्या दिवशी स्वारी परत हजर... घरी नेल्याबरोबर हँग. मग रॅम बदलली. दुकानात झकास, घरी हँग. मग एसएसडी बदलून विंडोज नव्यानं टाकलं. पुन्हा तेच! 'दुकानात चालतो, घरी चालत नाही' हे आमच्या धंद्यात रोजचं रडगाणं आहे आणि नव्वद टक्के वेळा गिऱ्हाईकच काहीतरी उद्योग करत असतं. मी तसं त्याला बोलूनही दाखवलं, जरा जास्तच.

तो चिडला नाही. बाकड्यावर बसला आणि म्हणाला, "मॅनेजरनं शेवटचं सांगितलंय. महिनाअखेरपर्यंत सुरळीत झालं न्हाय तर पुण्याला या, न्हायतर राजीनामा द्या."

"मग आईला घेऊन जा की पुण्याला."

"तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत आमी चौघं पोरं राहतो, काका. अन् गाडीत बसवायचं म्हटलं की ती हमसून हमसून रडती. बाई ठेवून बघितली, तर तिच्या हातचं तोंडातच घेत न्हाय. डॉक्टर म्हणले, फार दिवस न्हायत. तेवढे दिवस मला तिच्यापाशी राहू द्या, बस... लॅपटॉप तेवढा नीट करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान बंद ठेवलं आणि मीटर, माझा स्वतःचा लॅपटॉप आणि हत्यारांची पिशवी घेऊन त्याच्या गावी गेलो.

घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. खाटेवर त्याची आई, सरूबाई. पांघरुणाबाहेर उघडे पाय, टाचांना खोल भेगा पडलेल्या. शेजारी बसून कौशाबाई म्हणून म्हातारी शेजारीण तिला चमच्यानं पाणी पाजत होती. मी व्होल्टेज तपासलं, अर्थिंग तपासलं, मग सगळं काढून नुसत्या बॅटरीवर चालवून बघितलं. बालाजीनं कंपनीचं सॉफ्टवेअर उघडलं आणि नवव्या मिनिटाला लॅपटॉप गपगार. मग गंमत म्हणून एक सिनेमा लावला... तो अडीच तास न थांबता चालला. मी मनात म्हटलं, सापडलं! कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येच खोट आहे.

म्हणून तेच सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर टाकलं. त्याच्या लॉगिननं मी स्वतः बसून वीस मिनिटं नुसत्या फायली उघडल्या-मिटल्या. व्यवस्थित. मग उठलो आणि बालाजीला बसवलं. त्यानं खरं काम सुरू केलं आणि आठव्या मिनिटाला माझा लॅपटॉप – चार वर्षांत एकदाही न अडलेला – काळा पडून रीस्टार्ट झाला. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही, राग आला. कुणीतरी आपल्याला उल्लू बनवतंय असा राग.

"चल, उचल," मी म्हणालो. "काम चालू ठेव आणि भूमच्या रस्त्यानं चालत राहा."

लोक बघत होते. पूजेचं ताट धरावं तसा मी लॅपटॉप दोन्ही हातांवर धरलेला, बालाजी शेजारून चालत एका हातानं टाइप करतोय, हॉटस्पॉटवाला मोबाइल त्याच्या खिशात. गावात दोनदा बंद पडला. गावापासून सव्वा किलोमीटरवर लिंबाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला म्हसोबा आहे, तिथे गावाची शीव संपते. तो दगड ओलांडला... आणि मग पाऊण तास काही झालं नाही. परत आत आलो, सात मिनिटांत बंद. पुन्हा बाहेर, पुन्हा चालू. तीन वेळा केलं. मोबाइलची रेंज अलीकडे-पलीकडे सारखीच. एक ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करून आमची ही कवायत बघत बसला होता, त्यालाही मी विनाकारण खेकसलो.

घरी येऊन बालाजी सहज म्हणाला, "मावशी, म्हसोबाच्या पल्याड चालतंय, अल्याड न्हाय."

कौशाबाईच्या हातातला चमचा तसाच राहिला. मग पदर तोंडाला लावून बालाजीऐवजी माझ्याकडेच बघत म्हणाली, "भाऊ, ह्याच्या बापाला विहिरीनं खाल्लं. दुसऱ्याच्या रानात विहीर खंदताना दरड आली अंगावर. पोरगं बारावी झालं अन् गावातल्याच एकानं सालगडी म्हणून ठिवतो असा निरोप धाडला. त्या दिवशी सरू मला घिऊन म्हसोबाला गेली. नारळ फोडला अन् म्हणली – देवा, माझ्या लेकराच्या हाताला ह्या शिवंच्या आत काम लागू दिऊ नगंस. ह्यो बाहीरच राबू दे, बाहीरच खाऊ दे. म्या जल्मभर पायात वहाण घालणार न्हाय. म्या सोता ऐकलंय."

बालाजी आईच्या पायांकडे बघत राहिला. "मला म्हणायची, चपलीनं पाय काचतात..."

"आता मग काय करायचं?" मी विचारलं. विश्वास म्हणून नव्हे, विचारायचं म्हणून.

"जिनं बोललाय तिनंच आपल्या तोंडानं सोडावा लागतो नवस. दुसऱ्याचं काम न्हाय त्ये," कौशाबाई म्हणाली.

आणि सरूबाईला तर वाचा नव्हती. बालाजी खाटेशी गुडघ्यावर बसला. "आई, म्हसोबाला सांग, झालं म्हणून. मनातल्या मनात सांग. मला इथंच राहायचंय गं तुझ्यापाशी. ऐकती का?" तिला सगळं समजत होतं, डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिनं चांगला असलेला डावा हात मोठ्या कष्टानं उचलला आणि दाराकडे केला.

"जा म्हणती," कौशाबाई हळूच म्हणाली.

"पाणी मागती," बालाजी म्हणाला. दाराशी माठ होता खरा. त्यानं पाणी आणलं. तिनं तोंड मिटून घेतलं.

तो पुन्हा कामाला बसला. पाच मिनिटांनी टेबलावरचा लॅपटॉप पुन्हा बंद पडला.

इथे मी माझी हुशारी दाखवली. कारण काही का असेना, उपाय तर दिसत होता ना? शिवेबाहेर म्हसोबाला लागूनच माझ्या ओळखीच्या एकाचं रान आहे, त्यात विहिरीच्या मोटारीची पत्र्याची खोली. मी फोन करून ती मिळवून दिली, टेबल नेऊन टाकलं, लाइट गेली तर असावा म्हणून जुना इन्व्हर्टर बसवला. बालाजीच्या मनात नव्हतं. "काका, मग घरी येऊन काय उपयोग झाला?" असं म्हणाला. मीच समजावलं – अरे, सव्वा किलोमीटर तर आहे! दुपारी जेवायला घरी जा, संध्याकाळी घरीच आहेस, दिवसा कौशाबाई बसतील. नोकरी टिकेल आणि आईही.

बावीस दिवस लॅपटॉप एकदाही अडला नाही. मॅनेजर खूश झाला. मी दुकानात येईल त्याला ही केस रंगवून सांगायचो, म्हसोबाचा भाग गाळून.

तेविसाव्या दिवशी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकायला मी तिकडे गेलो. पोचलो तेव्हा बालाजी चहाला उठला होता. दुपारी चार वाजता तो कानाला हेडफोन लावून मोठ्या मीटिंगमध्ये होता, पुण्याचे साहेब लोक, याची स्क्रीन सगळ्यांना दिसत होती. त्याचा मोबाइल खिडकीत चार्जिंगला, सायलेंटवर. स्क्रीन उजळली – कौशामावशी. मी बघितलं. पुन्हा उजळली. मी त्याच्याकडे बघितलं, तो छान इंग्रजीत काहीतरी समजावून सांगत होता आणि लॅपटॉप कसा तुरुतुरु चालला होता... मी म्हटलं, होऊ दे मीटिंग. औषध संपलं असेल, नाहीतर घरातलं काहीतरी काम असेल. तिसऱ्यांदा उजळली. मीटिंग संपायला अजून दहा मिनिटं लागली आणि ती दहा मिनिटं मी उभ्यानं बघत काढली.

माझ्या मोटरसायकलवरून आम्ही गेलो. दारात कौशाबाई उभी. "आत्ताच गेली," एवढंच म्हणाली. मग त्याच्या छातीवर हलकेच मारत म्हणाली, "तीनदा लावला की रं फोन."

मी फोन बघितला होता हे त्याला मी सांगितलं नाही. आजही त्याला ते माहीत नाही.

तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी त्यानं मला घरी बोलावलं. खाट तशीच होती, नुसतं अंथरूण काढलेलं. टेबलावर लॅपटॉप, त्यात कंपनीचं काम उघडलेलं. "सकाळी अकराला बसलोय," तो म्हणाला. तेव्हा पाच वाजले होते. सहा तास, घरात, शिवेच्या आत... एकदाही अडला नव्हता. मी माझाही लॅपटॉप लावला, त्याला कामाला बसवलं. चालला. इव्हेंट लॉग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढले. अचानक बंद झाल्याच्या नोंदी होत्या, कारण एकाही ठिकाणी नव्हतं.

"काका," बालाजी म्हणाला, "तुमी काहीतरी बदललं व्हतं ना? शेडमधी आला होतात तवा? एखादा पार्ट... तवापासून चालत असंल. खरं सांगा."

मी त्या दिवशी लॅपटॉपला बोटसुद्धा लावलं नव्हतं. पण त्याचा चेहरा बघवत नव्हता. नाही म्हणालो असतो तर त्याला पुढचा सगळा जन्म एकच गोष्ट धरून बसावं लागलं असतं – की आईनंच आपल्याला शेवटपर्यंत जवळ येऊ दिलं नाही.

"हो," मी म्हणालो. "आतली एक केबल सैल होती. मीटिंगच्या आधी तू चहाला उठला होतास ना, तेव्हा घट्ट केली."

माझाही लॅपटॉप तिथे अडला होता, हे त्यानं काढलं नाही, मीही नाही. मग म्हणाला, "सैल केबल... अन् ती तुमाला पहिल्या दिवशी दिसली न्हाय?"

"नाही दिसली."

"ती दिसली असती तर मी घरात असतो, काका."

मी मान खाली घालून हत्यारं पिशवीत भरली आणि निघालो.

यालाही आता वर्ष होत आलं. खूप डोकं चालवलं, जुन्या मित्रांना विचारलं, कुणालाच काही सांगता आलं नाही. मी अजूनही नवसाबिवसावर विश्वास ठेवत नाही, आणि तरी दुसरं काही सुचतही नाही. बालाजी पुण्याला गेला. ईटकडची गिऱ्हाइकं आता माझ्याकडे कमी येतात, कारण तो सगळ्यांना सांगून गेलाय की त्या माणसाला साधी सैल केबल कळत नाही. सांगू दे. यामागचं खरं कारण कुणाला माहीत असेल तर मला जरूर कळवा... फक्त त्याच्या कानावर जाऊ देऊ नका.