घरी एकही नेम चुकत नाही

पिस्तूल घरात आलं त्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "हे ठेवायचं कुठे?" आणि सासूबाईंनी विचारलं, "ह्या मारूचा खय?" पहिल्याचं उत्तर सोपं होतं, कुलपाच्या कपाटात. नेम कुठे मारायचा, या दुसऱ्या प्रश्नाने मात्र आमच्या कांदिवलीच्या घराची पार वाट लावली.

मी हौशी नेमबाज. पंचवीस मीटरवर मारायचं, एका हाताने, पॉइंट टू टू पिस्तुलाने. दिवसा नोकरी, त्यामुळे रेंजवर जाणं फक्त रविवारी. बाकीचे दिवस घरी गोळीविना सराव करायचा, ज्याला आम्ही नेमबाज ड्राय फायर म्हणतो. त्यासाठी डमी मॅगझिन मिळतं. प्लॅस्टिकचं, भगभगीत केशरी, आत वजन भरलेलं, आणि त्यात गोळी भरताच येत नाही. खरं मॅगझिन रिकामं लावलं तर पिस्तुलाचा वरचा भाग मागे अडकून बसतो. डमी लावलं की तो शहाण्यासारखा परत पुढे येतो. मग हात उचलायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा. टिक. झालं.

नेम धरायला भिंत हवी आणि भिंतीपलीकडे माणूस नको. आमच्या घरात अशी भिंत एकच, हॉलमधली, जिच्या मागे फक्त पाण्याच्या पाइपांची बंद पोकळी आहे. त्या भिंतीवर टीव्ही आहे. म्हणून मी टीव्हीच्या बरोबर वर कागदाचा काळा ठिपका चिकटवला, आणि संध्याकाळी साडेसातला, म्हणजे सासूबाईंची मालिका रंगात आलेली असताना, अर्धा तास टीव्ही बंद ठेवायला लागले. घरात पिस्तूल आलं तरी त्याची कोणाला भीती वाटली नाही, पण या गोष्टीवरून दोन दिवस अबोला झाला.

तिसऱ्या दिवशी सासूबाई स्वतःहून खुर्ची ओढून माझ्या मागे बसल्या. मालिका नाही तर हे तरी बघू, असा विचार असावा. सरावाचा एक कडक नियम आहे, की गोळ्या आणि खरी मॅगझिन दुसऱ्या खोलीत कुलपात, आणि पिस्तूल रिकामं आहे हे दुसऱ्या माणसाने डोळ्यांनी बघायचं. हे काम नवऱ्याकडे होतं. तो मोबाइलवरून मान न उचलता "हो हो" म्हणायचा. सासूबाईंनी ते त्याच्याकडून काढून घेतलं. चष्मा लावून, पदर खोचून, आत डोकावून बघायच्या आणि जाहीर करायच्या, "रिकामा आसा." त्यांनी असं म्हटल्याशिवाय मी हात उचलला तर माझी खैर नव्हती.

आता एक गोष्ट समजून घ्या. गोळीविना सरावात नेम चुकत नाही. चुकणार कसा? भोकच पडत नाही. मी ताठ उभी राहायची, हात संथपणे वर जायचा, टिक वाजायचं, नळी तसूभर हलायची नाही. हे रोज बघून सासूबाई बिल्डिंगमध्ये सांगत सुटल्या की आमची सून एक नंबर आहे, तिचा एक पण नेम चुकत नाय.

बातमी कंपाउंडच्या बाकड्यावरून सगळीकडे गेली. वॉचमन मला सलाम करायला लागला. सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये गाठून, "मॅडम, गच्चीवरच्या कबुतरांचं काहीतरी करा ना," म्हणून गळ घातली. बिल्डिंगच्या मागे जवळच जंगल आहे. बिबट्या आला तर आपल्याकडे सोय आहे, असं कोणीतरी सोसायटीच्या सभेत बोललं आणि लोकांनी माना डोलावल्या. हळदीकुंकवाला बक्षिसं वाटायलाही मलाच बोलावलं.

आणि खरी परिस्थिती काय होती? रेंजवर मी अगदी सुमार नेमबाज होते. पिस्तुलात खरी गोळी आहे हे एकदा हाताला कळलं की तो धमाक्याच्या आधीच दचकायचा. चाप ओढता ओढता मनगट नळीला खाली दाबायचं आणि गोळी ठिपक्याच्या तळाशी जाऊन बसायची. कोच म्हणायचे, "घरी जो हात आहे तो इथे का नाही आणत?" दोन वर्षं जिल्ह्याच्या सामन्यात मी राज्य स्पर्धेच्या पात्रतेपर्यंत पोचले नव्हते. नवऱ्याला हे माहीत होतं. सासूबाईंना सांगायचं नाही, असं मी त्याला बजावलं होतं.

कारण माझी पक्की खात्री होती की घरातला तो अर्धा तास मला केवळ त्यांच्या गैरसमजामुळे मिळतोय. एक नंबर आहे म्हणून टीव्ही बंद होतो, एक नंबर आहे म्हणून नवरा कुकर लावतो. चाळिशी ओलांडलेली बाई रोज भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि रविवारी हरून येते, हे कळलं असतं तर तो अर्धा तास कोणी दिला असता?

तिसऱ्या वर्षी सामन्याच्या आदल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "उद्या मी पण येतलंय."

मी आवाजाची भीती घातली, उन्हाची घातली, बसायला जागा नसते म्हणाले. काही उपयोग झाला नाही. उलट त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना बरोबर घेतलं. या काकू म्हणजे आमच्या बिल्डिंगचं वर्तमानपत्र. त्यांनी दुपारी जे पाहिलं ते संध्याकाळपर्यंत शेवटच्या विंगला पोचतं.

दोघी काचेमागे बसल्या, लिंबू सरबताची बाटली मध्ये ठेवून. प्रत्येक नेमबाजाच्या मागे स्क्रीन असतो. गोळी कुठे लागली ते तिथे लगेच दिसतं. म्हणजे माझी अब्रू रंगीत छापून त्यांच्यासमोर येणार होती. सावकाश मारायच्या पहिल्या भागात मी कशीबशी तग धरली. दुसऱ्या भागात हिरवा दिवा तीन सेकंद लागतो, तेवढ्यात हात उचलून मारायचं. दिवा लागला, हात उठला, मनगट दचकलं. परत लागला, परत दचकलं. शेवटपर्यंत तेच. पात्रतेला पाच गुण कमी पडले.

बाहेर आले तेव्हा सासूबाई काकूंना स्क्रीन समजावून सांगत होत्या. "बघलंस? सगळे एकाच जाग्यार. हात हललो असतो तर पांगले असते."

"पण ते खाली नाही का गेलेत?" काकू म्हणाल्या.

"ता स्क्रीनचा सेटिंग असता," सासूबाई म्हणाल्या.

येताना काकू भाजी घ्यायला मध्येच उतरल्या. रिक्षात आम्ही दोघीच उरलो. मी खूप चिडले होते, स्वतःवर, आणि त्या सेटिंगवर तर जास्तच. म्हटलं, "आई, पुरे आता. मी एक नंबर नाहीये. मी हरते. दोन वर्षं हरतेय, आजही हरले."

"माका ठावक आसा," त्या म्हणाल्या. "रविवारी दारातून येतस तेव्हा तुझा तोंड दिसता ना."

"मग बिल्डिंगभर सांगत का फिरलात?"

त्या माझ्याकडे वळल्या. "मगे काय सांगू? ही रोज अर्धो तास भिंतीकडे उभी रवता, घोव कुकर लावता, सासू टीव्ही बंद करून बसता. बायका विचारतली ना, ह्या वयात कित्याक? एक नंबर म्हटल्यार कोण विचारणा नाय."

सिग्नलला रिक्षा थांबली. मग त्यांनी, जणू भाजीचा भाव सांगावा तसं, सांगितलं की शाळेत असताना त्या खो-खो खेळायच्या, तालुक्याच्या संघात होत्या. लग्नाला अठरा वर्षं होऊनही हे मला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नसणार.

"मग का सोडलात?"

"लोक विचारूक लागले, लगीन झालेली बाय धावता कित्याक. माझ्यासाठी खोटा बोलणारा कोण नव्हता."

मी भर रस्त्यात रडायला लागले. अगदी हमसून. सासूबाईंनी रुमाल दिला आणि वैतागून म्हणाल्या, "गप. काकू बघीत खयसून तरी."

"पुढच्या वर्षी नक्की करीन, आई," मी म्हणाले.

"कर, नाय तर करू नको," त्या म्हणाल्या. "मी लोकांका एक नंबर म्हणून सांगलंय, ता काय आता फिरवूचंय नाय."