टपालाशी शर्यत

आजोबा युद्धावर होते, याबद्दल वाद नाही. कुठे होते, यावर मात्र आमच्या घरात दोन पक्ष आहेत.

"आघाडीवर," आजोबा म्हणतात.

"शिलाईमशीनच्या," आजी आतून जोड देते.

पलटणीच्या शिंपीखात्यात ते तंबूंना ठिगळं लावत, गणवेशांना बटणं. "बटण तुटलेला शिपाई बंदूक धरणार की विजार?" हा त्यांचा बिनतोड सवाल. त्यावर आजी पत्रांवर घसरते. युद्धावरून आलेलं प्रत्येक पत्र एकाच वाक्याने सुरू व्हायचं: 'घरच्या मशीनला तेल घातलंस का?' मग पट्टा, मग सुया, आणि तळाशी जागा उरलीच तर, 'तू बरी असशील.'

"सवत परवडली असती," आजी म्हणते. "तिला तेल तरी घालावं लागत नाही."

मग आजोबांना टायफॉईड झाला. लष्करी इस्पितळात तापाने फणफणताना त्यांना वाटलं, आटोपला कारभार. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला आचारी होता. त्याच्याकडून त्यांनी पत्र लिहवून घेतलं: 'मी काही यातून वाचत नाही. तू एकटी राहू नकोस. समोरच्या घड्याळजीशी लग्न कर. माणूस निर्व्यसनी आहे, वेळेवर जेवतो. तुला ताट झाकून बसावं लागणार नाही.'

आचाऱ्याने पत्र तत्परतेने टपालात टाकायला दिलं, आणि आजोबांचा ताप उतरला!

आपण काय लिहवलं, हे त्यांना अख्ख्या वॉर्डाकडून कळलं. डोळे उघडले की कुणीतरी विचारायचं, "काय घड्याळजी, किती वाजले?" आजारपणाची रजा मिळाली तशी त्यांनी पहिली गाडी पकडली. "मरणाला भ्यायलो नव्हतो गं," ते मला सांगतात, "पण त्या पाकिटाने घाम फोडला."

दारात आजी उभी होती. "अगंबाई! हँगरला शर्ट लावल्यासारखे दिसताय!"

"पत्र आलं का?"

"कुठलं?"

"कुठलंच नाही."

जिंकलो, असं त्यांना वाटलं. डॉक्टरांनी रोज चालायला बजावलं होतं. पहिल्या दिवशी खाट सोडायचं नाव नाही. दुसऱ्या दिवसापासून गडी भिंत धरत कोपऱ्यावर हजर, पोस्टमनला गाठायला. "आमचं काही?" "नाही हो." पुढच्या आठवड्यात बाजारापर्यंत, मग थेट पोस्टाच्या खिडकीपर्यंत. घड्याळजी दुकानातून हाक मारायचे, "बसा की, दमला असाल!"

"तुम्ही जेवा वेळेवर!" आजोबा गुरकायचे. बिचारे घड्याळजी. त्यांनी काय घोडं मारलं होतं?

रजा संपायला आली, गालांवर मांस चढलं. एका सकाळी आजोबांनी दोऱ्यासाठी मशीनचा खण ओढला. रिळांखाली तेच पाकीट, फोडलेलं.

"हे कधी आलं?"

"तुम्ही यायच्या आदल्या दिवशी."

"आणि मला पोस्टात पळवत ठेवलंस?"

"डॉक्टरांचं ऐकत होतात का? मग म्हटलं, पोस्टमनचं ऐका."

पत्र तिने तेव्हाही परत दिलं नाही, आजवर दिलेलं नाही. घड्याळजी अजून समोरच राहतात, अजून एकटेच, आणि त्यांना यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. आजोबांचे दुपारचे पत्त्यांतले जोडीदारही तेच.

गेल्या महिन्यात आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुन्हा तेच: चाला म्हटलं की "उद्या". काल आजीने चष्मा लावला, पाकीट काढलं आणि खिडकी उघडली.

"घड्याळजी, जरा येता का? एक जुनं पत्र वाचून दाखवते!"

आजोबांनी काठी कधी घेतली ते मला दिसलंच नाही. मला बाजूला सारून ते खिडकीशी पोहोचले, धाडकन ती लावली आणि धापा टाकत हात पुढे केला. "दे ते. फाडून टाकतो."

"नाही देणार."

"अगं, तापात बरळलोय मी! त्यात आहे काय एवढं?"

आजीने घडी घातली. "त्यात मशीन नाही. बाकीची सगळी पत्रं तिला आली, माझ्या नावचं हे एकच आहे."

आजोबांनी काठी सावरली. मग चपला पायाने चाचपत म्हणाले, "कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. चलतेस?"

"जेवायला वेळेवर परतणार असाल तर."