दह्याची वाटी

इथे परदेशात, आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटच्या दारात, दुपारच्या पेपरला निघालेल्या लेकीच्या हातावर मी दही ठेवायला गेले. "आई, लेट ऑलरेडी ला," ती इथल्या बोलीत म्हणाली आणि माझा चमचा तसाच थांबला.

खूप वर्षांपूर्वी पुण्यात परदेशी रायडर आले होते, त्या स्पीडवेच्या, मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीत आपल्याकडचा एकटा माझा दादा होता. इंजिनात जळणाऱ्या एरंडेलाचा वास, ओली माती आणि ब्रेकच नसलेल्या त्या मोटारसायकली. दोन मिनिटांत रेषेवर यायची घंटा झाली तशी मी वाटी घेऊन धावले. त्याने हसत हेल्मेट काढलं, हातमोजा काढला, दही चाटलं. पुन्हा सगळं चढवेपर्यंत ती दोन मिनिटं संपली आणि पंचांनी त्याला बाद केलं. बाकीचे तिघे सुटले, त्यांची माती आमच्या अंगावर उडाली. घरी दादाने सांगितलं, गाडीच चालू झाली नाही. तशी शर्यत त्याला पुन्हा मिळाली नाही.

तेव्हा त्याचं ते हसणं मला शुभ वाटलं होतं. मैदानावरचं घड्याळ त्यालाही दिसत होतं, हे आता कळतं.

लेक तशीच लिफ्टमध्ये शिरली, तोवर पुण्याहून दादाचा फोन. "दही दिलंस ना तिला?"

"दिलं," मी म्हणाले. वाटी अजून हातातच होती.