घट्ट विणीची सतरंजी

तुरुंगाच्या विक्रीकेंद्रात मी एक सतरंजी उलटून पाहत होते. वीण इतकी घट्ट, की नखही शिरेना.

"जन्मठेपवाल्याच्या हातची आहे, ताई," काउंटरवरचा शिपाई कौतुकाने म्हणाला. "इतक्या वर्षांत हात चांगला बसतो. पुढच्या महिन्यात सुटतोय तो."

"काय केलं होतं त्यानं?"

"शेजारच्या पोरीचा गळा दाबला होता."

जन्मठेप! शब्द केवढा मोठा. पण जन्म संपला तो पोरीचा. ह्याचा तर अजून उरलाय. एरवी मी फाशीविरुद्ध तावातावाने भांडते. बहुधा म्हणूनच हट्टाने सतरंजी घेतली.

घरी अंथरली, तशी लेक लगेच तिच्यावर आडवी झाली.

"आई, किती मऊ आहे गं!"

"ऊठ तिथून," मी किंचाळले.