अत्तींच्या पदराची गाठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल, बाई, तू तर सगळं सांगत सुटलेली असतेस. खरंय. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी व्यसनमुक्तीच्या बैठकीत मी उभी राहते आणि सांगते — नवी पेठेतल्या साडीच्या दुकानदाराची बायको, दोन वेळा पूजा करणारी, गोळ्यांच्या नादी कशी लागले आणि त्यातून कशी सुटले. नव्यानं आलेल्या बायका डोळे पुसतात. टाळ्या वाजतात. पण त्यातला एक तुकडा मी दर वेळी गाळते. इतक्या सफाईनं गाळते की कधीकधी मलाच वाटतं, तो नव्हताच.

अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात कानडी चालतं, सासूला अत्ती म्हणतात. माझं माहेर वेळापूरचं, मला कानडीचा गंध नव्हता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्या कपाळावर हात मारून "मरवु, मरवु" म्हणाल्या आणि मी धावत जाऊन फुलवालीकडून मरव्याची जुडी आणून दिली. त्या हसून हसून खाली बसल्या. मरवु म्हणजे विसरणं. चष्मा कुठं ठेवला ते विसरल्या होत्या, एवढंच. पुढं ती आमची घरातली चेष्टाच झाली. कुणी काही विसरलं की विचारायचं — मरवा आणू का?

त्या चेष्टेचं मी काय केलं, ते सांगायचंय. सांगते. जरा दम खाऊ द्या.

सासरे गेल्यापासून अत्तींना छातीत धडधड व्हायची. डॉक्टरांनी एक गोळी दिली — दुपारी जेवणानंतर अर्धी. धडधडीची गोळी, घेतली की जीव शांत करणारी. एकदा मी घेऊन बघितली. का घेतली? कारणं होती. पण सांगायला लागले तर त्यांची सबब होईल, म्हणून नाही सांगत. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन. पाकीट लवकर संपायला लागलं. एका दुपारी अत्तींनी विचारलं, माझी आजची गोळी राहिली का गं? पाकिटात शेवटचीच उरली होती आणि ती मला हवी होती.

"घेतली की अत्ती तुम्ही. मरवु." असं म्हणून मी हसले. त्याही हसल्या. इतकं सोपं होतं ते.

मग ते रोजचंच झालं. आमचे हे म्हणाले, आई दोनदोनदा गोळी घेतेय वाटतं, पाकीट तूच सांभाळ. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! आणि अत्तींचा स्वतःवरचा भरवसा उडत गेला. शेंगाचटणीचं मीठ जिला जन्मात कधी चाखून बघावं लागलं नाही, ती बाई मला विचारू लागली, मीठ घातलं का मी? गॅसजवळ जाईनात. सिद्धेश्वराच्या देवळात एकट्या जायच्या, तेही बंद केलं. परतीची वाट विसरले तर, म्हणाल्या. शेवटी त्यांनीच एक युक्ती काढली. गोळी घेतली की पदराच्या टोकाला गाठ मारायची. म्हणजे कुणाला विचारायला नको, कुणाला त्रास नको.

आता तो तुकडा.

एका दुपारी जेवून त्या जरा लवंडल्या आणि गोळी घ्यायच्या आधीच त्यांचा डोळा लागला. पदर माझ्या बाजूला होता. गाठ नव्हती. मी त्यांची गोळी तोंडात टाकली — आणि त्यांच्या पदराला गाठ मारली. उठल्यावर त्यांनी पदर चाचपला. गाठ लागली. मग ती गाठ धरून त्या बसून राहिल्या, कितीतरी वेळ, आठवत. मी समोर गवार निवडत होते. त्यांचा चेहरा कसा झाला होता? मला ठाऊक नाही. मी मान वर केलीच नाही.

त्यानंतर ह्यांनी त्यांना विसरण्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. नसलेल्या आजाराचं औषध त्या निमूटपणे घेऊ लागल्या.

मग औषधवाल्यानं नवी चिठ्ठी मागितली. चार दिवस गोळी मिळाली नाही आणि ओट्यापुढंच मला फेफऱ्यासारखा झटका आला. दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी लगेच ओळखलं. त्यांनी मला एकदाही वाईट बाई म्हटलं नाही. म्हणाल्या, ही गोळी एकदम तोडायची नसते, हळूहळू उतरवू. केव्हापासून घेता, विचारलं. मी चार महिने म्हणाले. दोन वर्षं झाली होती. कुठून मिळाल्या? ओळखीच्या दुकानातून. अत्ती शेजारीच बसल्या होत्या ना — खरं बोलले असते तर त्यांचा मरवु कुठून आला, तेही उघडं पडलं असतं.

भावकीत कुजबुज सुरू झाली, सून वेड्यांच्या डॉक्टरकडं जाते म्हणून. अत्तींनी तोंडावर सांगितलं, "ताप आल्यावर दवाखान्यात जातुया की. हे बी तसंच हाय. लाज कसली त्यात?" आठ महिने, दर मंगळवारी, त्या माझ्याबरोबर रिक्षानं आल्या. मी आत बोलत असायची, त्या बाहेर बाकावर. डब्यात कडक भाकरी असायची. माझे हात थरथरायचे तेव्हा कुस्करून भरवायच्या. एकदा रिक्षात म्हणाल्या, "मला मरवु झालाय, तुला हे झालंय. दोघी मिळून एक शाणी बाई हुईल की."

मी हसले. रिक्षा थांबवून तिथंच सांगायला नको होतं का मी?

आज मी गोळीशिवाय जगते, ते त्या आठ महिन्यांमुळं. डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेत, बैठकीतल्या बायकांचे आहेत. पण अत्ती नसत्या तर मी पहिल्याच मंगळवारी फाटकातून परत फिरले असते. ज्या बाईचं डोकं मी नासवलं, तिनंच माझं ताळ्यावर आणलं. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. कधीकधी मी मनाची समजूत घालते — त्यांना कळलं असेल, कळूनही त्यांनी पोटात घातलं असेल. नाही. कळलं नव्हतं. स्वतःला विसरभोळी समजतच त्या गेल्या.

हे असंच पुरून टाकलं असतं मी. पण गेल्या महिन्यात हे दुकानाची किल्ली घरी विसरले. मग एका जुन्या गिऱ्हाइकाचं नाव आठवेना. तेव्हापासून घाबरलेत. परवा लेकीला म्हणाले, आज्जीसारखं माझं झालं तर चिडू नकोस हं. आणि भरल्या ताटावरून उठले.

म्हणून हे लिहिलंय. आधी ते वाचतील, मग येत्या रविवारी बैठक ऐकेल, आणि मग तुम्ही.

अहो, तपासून घ्यायचं तर जरूर घ्या. पण आईकडून तो आजार तुमच्यात आलेला नाही. आईला तो नव्हताच.