टाळूची पट्टी आणि आमचे भावजी

आमचे धाकटे दीर दातांचे डॉक्टर. हात चांगला, हे मान्य करते. बाकी माणूस म्हणजे नुसता फुगा.

मी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. दिवस भरायच्या आधीच जन्मलेल्या एका मुलीला श्वासासाठी तोंडातून नळी घातली होती. अशी नळी फार दिवस राहिली की तोंडातल्या कोवळ्या टाळूला दाबून खाच पाडते. मग दूध ओढायला त्रास, पुढे दातही वेडेवाकडे. मापाची पातळ पट्टी टाळूवर बसवली की नळी पट्टीवर टेकते. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "तुमचे दीर करून देतील का?"

भावजी आले ते फोटोग्राफर घेऊनच. एवढंसं तोंड, पण माप घेताना त्यांचा हात जराही हलला नाही. पट्टी सुरेख बसली. मग पेपरात बातमी, सत्कार, टाळ्या. "माझी चिमुकली पेशंट" म्हणत साहेबांनी हारासकट फोटोही काढून घेतले. पोरगी कुणाची, एवढं कुणी विचारलं असतं तरी बोंब होती.

पण बाळ वाढतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पट्टी हिरडीला काचायला लागली. मी फोन केला.

"वहिनी, ती केस झाली ना आता!"

"भावजी, तिचं तोंड वाढलंय. नवं माप घ्यायला या."

"बघतो. या आठवड्यात भाषणं आहेत हो."

भाषणं कशावर? याच पट्टीवर!

हिरडीला जखम झाली, पट्टी काढावी लागली, नळी पुन्हा टाळूवर आली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या कुरकुरत आल्या, पण येत राहिल्या. जखम भरल्यावर नवी पट्टी केली, ती घट्ट झाल्यावर आणखी एक. तरी थोडी खाच राहिलीच. नळी निघाल्यावर आई बाटली धरून बसायची आणि अर्धं दूध ओठांवरून ओघळायचं. पण पोरगी चिवट. ओढायला शिकली आणि घरी गेली.

सासूबाईंकडे जेवताना भावजींनी विचारलं, "काय म्हणते माझी पेशंट?"

"तुमची कसली? तुम्ही फिरकलात तरी का परत?"

"अगं, जेवू दे त्याला," सासूबाई म्हणाल्या.

जेवले की! दोनदा मागून घेतलं.

परवा माझी दाढ ठणकायला लागली. भावजींचा दवाखाना आमच्या घरासमोरच आहे. मी गाल धरून, दोन बस बदलून त्या कुरकुऱ्या बाईंकडे गेले.