दुसऱ्या गिअरपुरती

कटंगीला माझ्या सासरी एक जुनी डिझेल जीप आहे. तिच्या इंजिनाबद्दल माझे सासरे ज्या मायेने बोलतात, त्या मायेने ते घरातल्या कोणाबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही.

काळजी मात्र कोणी घेत नसे. ऑइल बदलायचं नाही, कारण ते काळं पडलं म्हणजे आपलं काम करतंय, असं सासऱ्यांचं म्हणणं. बॉनेटखाली धानाचा भुसा साचलेला. एअर फिल्टरमध्ये एकदा उंदराची पिल्लं निघाली, ती बाहेर ठेवून झाकण परत लावलं. मेकॅनिकला हात लावू द्यायचा नाही, कारण एकदा पाना लागला की इंजिनाला पान्याची सवय लागते. स्वतःच्या बीपीच्या गोळीला जरा उशीर झाला तर मात्र हेच सासरे घर डोक्यावर घेत.

"इंजिनले कधी कोणाचा हात नाही लागला," ते पाहुण्यांना सांगत, "तरी एका झटक्यात घेते. माणसाले एक दिस चहा नाही भेटला तर तोंड पाडते." मग माझ्याकडे बघत. मी चहा टाकायला उठे.

मला गाडी शिकायची होती. माझी आई राज्याच्या सीमेपलीकडे, तुमसरला एकटी राहते. कटंगीहून बस आहे, पण घरचं आवरून जावं तर परतीची बस मिळेल याचा भरवसा नाही, आणि सुनेने मुक्काम करायचा तर आधी दोन बैठका व्हाव्या लागतात. म्हणजे आईला भेटायचं तर नवऱ्याला सवड हवी. त्याला सवड नसते. मी शिकायचं म्हटलं की सासरे म्हणत, "नवी गाडी आली का शिक, सूनबाई. हे भारी गाडी आहे, तुले नाही झेपत." आणि नवी कधी येणार? तर हिचं इंजिन बंद पडेल त्या दिवशी. मी त्या इंजिनाचं मरण मागत असे, अगदी देवापुढे उभी राहून. लाज वाटत नाही सांगायला.

इंजिन मेलं नाही. बॅटरी मेली. दिवे लुकलुकत, पण किल्ली फिरवली तर नुसतं टक्क व्हायचं. सासऱ्यांनी नवी बॅटरी घेतली नाही. घरात धडधाकट माणसं असताना बॅटरी कशाला? तेव्हापासून जीप ढकलून सुरू होऊ लागली. सासरे आणि नवरा मागून ढकलत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या आधीच मागच्या सीटवर बसलेल्या असत, उतरत नसत. सुनेने भर गल्लीत पदर खोचून गाडी ढकलणं काही शोभत नाही, म्हणून मला स्टिअरिंगवर बसवलं. क्लच दाबून दुसरा गिअर टाकायचा, गाडीने वेग धरला की क्लच सोडायचा, जीप एक हिसका देते, इंजिन धडधडायला लागतं. लगेच क्लच परत दाबायचा, ब्रेक लावायचा आणि उतरायचं. मग नवरा येऊन बसे. ज्या बाईला गाडी झेपत नव्हती, ती रोज सकाळी गाडी सुरू करून देत होती. यात काही चुकतंय असं घरात कोणालाच वाटलं नाही. पहिली काही वर्षं मलाही नाही.

मागच्या हिवाळ्यात आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कळलं त्याच दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, मला जायचंय.

"उद्या लामत्याले साक्षगंध आहे," तो म्हणाला. "मंग धान विकून होऊ दे. नेतो ना."

"तिच्या डोळ्यात औषध कोण घालून राह्यलं असंन?"

"शेजारचे लोक असतेच ना."

सासूबाई तिथेच तांदूळ निवडत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लामत्याच्या त्या साखरपुड्याला निघायचं म्हणून सगळे तयार झाले. सासूबाई मागे बसल्या, मी पुढे. दोघांनी ढकललं, मी क्लच सोडला, इंजिनाने एका झटक्यात घेतलं. आता ब्रेक लावून उतरायचं. मी पाय उचलला, पण तो ब्रेकवर गेलाच नाही. आरशात दोघं गल्लीत उभे दिसले, हात अजून तसेच पुढे. सासऱ्यांची टोपी पडली होती.

गल्लीच्या तोंडाशी मी क्लच दाबून धरला. थांबावं की काय, असं झालं. मागून सासूबाईंचा आवाज आला, "काहून थांबून राह्यली? तुमसर उजव्या हाताले आहे."

सगळी वाट मी दुसऱ्याच गिअरमध्ये काढली. त्यापुढचा मला माहीत नव्हता. इंजिनाने तक्रार केली नाही.

आईच्या दारात मी जीप बंद केली नाही, बंद केली तर ढकलणार कोण? दगड लावला चाकाला. आई काळा चष्मा लावून बाहेर आली आणि स्टिअरिंगवर कोण आहे ते शोधू लागली. "कोणी आणलं तुले?"

सासूबाई म्हणाल्या, "तिनंच आणलं. मले बी."

आईने माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मी रडले. इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नसावं.

परत आलो तेव्हा सासरे ओट्यावर बसले होते. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवून पाहिला. "तापलं तं नाही ना?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी ते बालाघाटला बसने गेले आणि कोरी करकरीत बॅटरी घेऊन आले. त्यांच्या हिशेबाने आता सुनेला स्टिअरिंगवर बसवायची वेळ येणार नव्हती. मी मात्र उरलेले गिअर शिकले आणि लायसन्स पुढे रीतसर काढलं. परीक्षेत साहेब म्हणाले, गाडी सुरू करा, तर मी सवयीने मागे वळून ढकलणारे शोधले.

बॅटरी चांगली निघाली. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला असते. अर्धी फिरवली की इंजिन घेतं, ढकलायला कोणी लागत नाही. मी आणि सासूबाई दर आठवड्याला तुमसरला जातो. निघताना कोणाला उठवावं लागत नाही.